न लागलेल्या पिक्चरचा आवाज

नाहूरला आमच्या बिल्डिंगीत एक काका राहायचे. या जगात ते जितक्या वेळा मेले तितक्या वेळा दुसरं कोणी मेलं असेल असं मला वाटत नाही. गोळी लागून मेले, पुलावरून पडून मेले, मगरीने गिळले, बर्फात गोठले. एकदा तर आकाशातून पडलेल्या बसएवढ्या टोमॅटोखाली चिरडले. आणि दर वेळी संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभे.

"आज कसे गेलात?" मी विचारायचो.

"बुडान," ते म्हणायचे. "पण घाईत बुडवल्यानी. मजा नाय आली."

काका डबिंग करायचे. परदेशी पिक्चर आपल्या भाषेत बोलायला लागतो तेव्हा त्यातल्या हीरोला आवाज देणारा कोणी तरी मोठा माणूस असतो, आणि हीरोच्या मागे पळणाऱ्या, पडणाऱ्या, मरणाऱ्या सगळ्या गर्दीला मिळून आमचे काका. "पळा!", "साहेब, ते आले!" आणि "आऽऽऽ!" या तीन वाक्यांवर त्यांनी आयुष्य काढलं. त्यातही "आऽऽऽ" हे वाक्यच आहे असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याचं वेगळं, दहाव्यावरून पडणाऱ्याचं वेगळं. "दहाव्यावरून पडताना माणसाला मध्ये विचार करायला वेळ मिळतो रे. तो विचार आवाजात यायला हवा." हे त्यांनी मला लिफ्टमध्ये करून दाखवलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला होता.

मी वाढवून सांगतो असं आमच्या घरात म्हणतात. मी वाढवत नाही. दोरीवर चादर घालताना ओढून घालतो तसं घालतो, म्हणजे नक्षी नीट दिसते.

काकांची एक सवय पहिल्या भेटीत माणसाला अस्वस्थ करायची. ते बोलताना डोळ्यांत बघायचे नाहीत, ओठांकडे बघायचे. नवीन भाडेकरू आला की काकू जिन्यातच त्याला समजावून सांगायच्या, "वाईट वाटून घेऊ नका हं, धंद्याची खोड आहे." काका म्हणायचे, "डोळे शिकवलेले असतात. ओठांना कोणी शिकवत नाही." सुटीच्या दिवशी ते गॅलरीत स्टूल टाकून बसायचे आणि खालच्या रस्त्याला आवाज द्यायचे. भाजीवाली आणि गिऱ्हाईक, रिक्षावाला आणि वाहतूक पोलीस, दोन कुत्री. आवाज वरून ऐकू येत नसे, तोंडं दिसत. काका त्या तोंडांत शब्द बसवायचे आणि ते असे काही फिट बसायचे की खाली खरंच काय बोलणं झालं ते कोणाला जाणूनच घ्यायचं नसे.

एकदा आमच्या नाक्यावर नगरसेवकांचं भाषण होतं आणि ऐन वेळी माईक बंद पडला. ते भले गृहस्थ तसेच ओठ हलवत राहिले. काकांनी गॅलरीतून हात जोडल्यासारखे केले आणि त्यांचं उरलेलं भाषण देऊन टाकलं. त्यात त्यांनी बाग जाहीर केली. बाकांसकट. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की नगरसेवकांना मागे फिरता येईना. ती बाग अजून आहे. खोटं वाटत असेल तर या, बाकावर बसून खात्री करून घ्या.

काकू शिवणाचे क्लास घ्यायच्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असतानाही बोलणं स्पष्ट. दोघं मूळची एकाच गावची, वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे घरात मालवणी आणि जिन्यात मराठी; काकांची जीभ मात्र कुठेही मालवणीत घसरायची. काकांच्या धंद्याबद्दल काकूंची एकच तक्रार होती आणि ती त्या कोणालाही ऐकवत. "इतकी वर्षं झाली, पण ह्यांचा आवाज मी थेटरात कधी धड ऐकलेलाच नाही. तिकीट काढते, आत जाते, अंधारात खुर्ची शोधते, बसते, तर हे मेलेले असतात!"

सगळे हसायचे. काकाही हसायचे. पण मी तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघितलं आहे, त्यांच्याकडूनच शिकून. ते हसत नसत.

आणि मग एके दिवशी काकांना हीरो मिळाला.

परदेशातल्या एका बड्या स्टुडिओचा सुपरहीरोचा पिक्चर येणार होता, त्यातला हीरो म्हणजे राखी बगळा. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते फाकडू वाटतं, मराठीत भाषांतर करणाऱ्याने सरळ बगळा केला. या बगळ्याची पोरापोरींत केवढी हवा होती! बाकीचे सुपरहीरो उडतात, फोडतात, जाळतात. हा एका पायावर उभा राहतो. बस. त्याची ताकद अशी की तो हलला नाही तर जगही हलत नाही. गोळी हवेत थांबते, पडणारी भिंत कलून थांबते, आणि तेवढ्यात माणसं खालून निघून जातात. या भागात बगळा म्हातारा झालेला होता, आणि पिक्चर पहिल्यांदाच मराठीतही येणार होता. अंधेरीच्या स्टुडिओतल्या डबिंग दिग्दर्शकाने मोठमोठे आवाज ऐकून नाकारले आणि काकांना बोलावलं. हा दिग्दर्शक भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून फिरायचा, म्हणून काका त्याला मफलरच म्हणत. मफलर म्हणाला, "मला असा आवाज पाहिजे जो आजवर फारसा बोललेला नाही."

काका आले ते जिन्याने. लिफ्ट चालू असताना. एवढी बातमी घेऊन लिफ्टमध्ये मावणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

आता त्या कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिक्चर फुटू नये म्हणून परदेशवाले आवाज देणाऱ्याला पिक्चर दाखवतच नाहीत. पडदा पूर्ण काळा करून पाठवतात. त्या काळ्यात एक छोटं भोक, आणि भोकात फक्त बोलणाऱ्याचं तोंड. आजूबाजूला महाल आहे की मासळी बाजार, कळायला मार्ग नाही. काका महिनाभर त्या भोकाकडे बघून बोलले. माईकसमोर एका पायावर उभे राहून. गरज नव्हती, पण दोन पायांवर तो आवाज येईना म्हणाले. संध्याकाळी लंगडत घरी यायचे आणि बिल्डिंगीतले लोक त्यांना गुडघ्याचं तेल आणून द्यायचे.

"स्टोरी काय आहे काका?" मी विचारलं.

"काळोख आसा," ते म्हणाले, "आणि त्यात एक माणूस बोलतासा."

याच्यापुढे एक अक्षर नाही. एक तर करारावर सही केलेली. शिवाय मफलरने वर जामीन राहून सांगितलेलं, की हा माणूस फोडणार नाही, फोडलं तर माझी नोकरी घ्या. सहीचं काकांना विशेष नव्हतं. पण त्यांनी गावच्या वेतोबालाही नारळ ठेवून शब्द दिला होता, की पिक्चर लागेपर्यंत यातला एक शब्द माझ्या तोंडातून जाणार नाही. कोर्टाला माणूस एक वेळ गुंडाळेल. वेतोबाला गुंडाळून आमच्याकडचा माणूस जाणार कुठे?

काकूंनी मात्र कोणाला काही शब्द दिला नव्हता. त्यांनी क्लासच्या एकाच बाईला सांगितलं, तेही ब्लाऊजच्या मापाच्या ओघात. तिसऱ्या दिवशी बोरिवलीला माहीत होतं. काकूंनी मुलुंडच्या थेटरात अख्खी रांग धरायची ठरवली. कोण कुठे बसणार तेही ठरलं. स्वतःची खुर्ची त्यांनी कडेची घेतली, म्हणजे अंधारात शोधावी लागणार नाही.

आणि पिक्चर रद्द झाला.

नीट ऐका, अर्धवट राहिला म्हणून नाही. पूर्ण झाला होता. रंग, संगीत, आवाज, सगळं. परदेशातल्या साहेबांनी हिशेब केला की हा लावण्यापेक्षा बुडाला असं दाखवून कर वाचवण्यात जास्त फायदा आहे. थेटरात नाही, मोबाईलवर नाही, कधीच नाही, कुठेच नाही. तयार पिक्चर कुलपात.

मफलरचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी "हो," "हो," "बरं," एवढंच म्हटलं. मग गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले. खाली भाजीवाली कोणाशी तरी हमरीतुमरीवर आली होती, तोंडं भराभर चालली होती. काका बघत राहिले. एकही शब्द नाही. मी तुम्हाला सांगतो, त्या दिवशी आमचा रस्ता मुका झाला. रिक्षांचे हॉर्नसुद्धा मला आठवत नाहीत.

काकू बाहेर आल्या. टाचण्या तोंडातून काढून म्हणाल्या, "कडेची खुर्ची धरलेली मी." आणि पुन्हा आत गेल्या.

पोरं मात्र पेटली. जगभर पेटली, पण मुंबईच्या उपनगरांत ज्या पद्धतीने पेटली ती तुम्हाला जगात दुसरीकडे दिसायची नाही. मोबाईलवर शिव्याशाप, सह्या, बहिष्कार हे तर झालंच. 'नाही तरी पडलाच असता' म्हणणारे आणि 'बघितल्याशिवाय बोलू नको' म्हणणारे यांच्यात दोन लग्नं मोडली. घाटकोपरच्या एका मॉलबाहेर पन्नासएक पोरंपोरी गप्प एका पायावर उभी राहिली. वॉचमन घाबरला. घोषणा दिल्या तर हाकलता येतं, बसले तर उठवता येतं. एका पायावर उभं राहणाऱ्याला काय म्हणायचं? त्याने साहेबांना फोन केला, "साब, कुछ कर नहीं रहे हैं, लेकिन बहुत लोग कर रहे हैं." थोड्या वेळाने येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना वाटलं कसलं तरी व्रत आहे. एकीने सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या पायाशी नारळ ठेवला आणि नोकरीसाठी नवस बोलली.

ती पुढची मुलगी म्हणजे केतकी. बोरिवलीची, पवईच्या ऑफिसात कामाला, मनगटावर बगळा गोंदवलेला. तीच या सगळ्यांची म्होरकी.

आणि मुलुंडचा एक बगळाभक्त होता, त्याच्या घरचा फ्लेक्स छापायचा धंदा. आपल्याकडे कोणी गेलं की नाक्यावर फ्लेक्स लागतो, तसा त्याने पिक्चरचा लावायचं ठरवलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल, समस्त बगळाप्रेमी, नाहूर, मुलुंड, घाटकोपर', आणि शोकाकुलांचे गॉगल लावलेले छोटे छोटे फोटो. मधोमध बगळ्याचा फोटो हवा, पण स्टुडिओ कोर्टात खेचेल अशी भीती. मग त्याने डोकं चालवलं. बगळ्याचा आवाज ज्यांचा, त्यांचाच फोटो टाकू! आमच्या गणपतीच्या ग्रुपवरून काकांचा हात जोडलेला फोटो घेतला आणि छापला. मोठा. हार घातलेला.

सकाळी पहिला दूधवाला रडत आला. मग इस्त्रीवाला. मग क्लासच्या बायका पांढऱ्या साड्यांत. दार दर वेळी काकांनीच उघडलं. येणारे इतक्या दुःखात होते की उघडणाऱ्याकडे कोणी बघेना. सगळे जमिनीकडे बघत आत. काकांना मी जिवंत आहे हे सांगायची लाज वाटू लागली, लोक इतके लांबून आलेले. कुर्ल्याहून त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध आले, काकांच्याच खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, "फार सज्जन माणूस होता हो."

"होता खरा," काका म्हणाले.

"आवाज काय होता त्याचा!"

"तुम्ही ऐकला होतात?" काकांनी एकदम विचारलं.

म्हातारा थबकला. "तसा नाही. पण होता म्हणतात."

शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी चहा घेऊन जा! आणि मयताच्या हातूनच घ्या, मला शिलाईचं काम आहे!"

या गोंधळातच केतकी माफी मागायला आली, मागून तिची फौज. माफी दोन मिनिटांत आटोपली आणि मग खरं बोलणं निघालं.

"काका, यार, प्लीज. जगात हा पिक्चर माहीत असलेले किती जण आहेत? तुम्ही आहात ना! सांगा ना काय आहे त्यात."

"शब्द दिलंय," काका म्हणाले.

"आता तर लागणारच नाहीये!"

"पिक्चर लागेपर्यंत, असा म्हटलंय. लागाचो नाय तर कायमचोच झालो शब्द."

पोरांचे चेहरे असे पडले की फरशीवर आवाज आला. त्यांनी आठ-दहा वर्षं त्या बगळ्याची वाट पाहिली होती. केतकीच्या वडलांनी तिला पहिला भाग दाखवला होता, आता वडील नव्हते. ती हे सहज, बॅगेची चेन लावता लावता म्हणाली. काका तिच्या ओठांकडे बघत होते.

"स्वप्नांचा काय?" काका हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"काल माका एक स्वप्न पडला. स्वप्नाक करार लागू नाय."

आणि दुसऱ्या संध्याकाळपासून आमच्या गच्चीवर स्वप्नं सुरू झाली.

आमच्या गच्चीवरून पूर्वेला खाडी दिसते. मिठागरं, तिवरं, आणि पाणी ओसरलं की चिखलात उभे खरे बगळे. ऊन कलताना तो सगळा चिखल तांब्याच्या परातीसारखा होतो. काका पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे, पोरं भोवती पसरायची. काका बगळ्याच्या आवाजात बोलायचे नाहीत, आपल्याच साध्या आवाजात सांगायचे. त्या पिक्चरमधलं एक वाक्य घ्यायचे नाहीत, तो सगळा वेतोबाचा माल. नुसतं स्वप्न.

स्वप्नात एक शहर होतं, अर्धं पाण्यात. इमारतींना माशांसारखे कल्ले होते, त्या भरतीला श्वास घ्यायच्या. शहराच्या टोकाला म्हातारा बगळा एका पायावर उभा. तो उभा आहे म्हणून समुद्र आत येत नाही, पण हे शहरात कोणालाच ठाऊक नाही. लोकांना वाटतं रिकामटेकडा आहे. पोरं त्याच्या पायाला पतंगाचा मांजा बांधतात. बायका त्याच्या खांद्यावर गोधड्या वाळत घालतात. त्याला सगळं ऐकू येतं, पण हलता येत नाही, कारण हलला तर लाट. आणि शहरात एक सावकार आला होता, तो पूर्ण झालेल्या गोष्टी विकत घ्यायचा. भाजून झालेली भाकरी, गाऊन झालेलं गाणं, बांधून झालेला पूल. घ्यायचा आणि गोदामात टाकून कुलूप लावायचा. खायचा नाही, ऐकायचा नाही, ओलांडायचा नाही.

"हे पिक्चरमध्ये आहे?" कोणी तरी ओरडलं.

"स्वप्नात आसा," काका म्हणाले.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, काका 'बगळा उभा राहिला' म्हणाले की खाडीवरचा वारा थांबायचा. दोरीवरचे कपडे फुगलेले तसेच राहायचे. एकदा टाकीवरचा कावळा उडता उडता हवेतच राहिला, आणि काकांनी खोकून पुढचं वाक्य सुरू केल्यावरच पलीकडे गेला. त्याला स्वतःलाही ते विचित्र वाटलं असावं, कारण त्याने वळून बघितलं. सूर्यसुद्धा आमच्या गच्चीपुरता रेंगाळायचा. मुलुंडला दिवे लागलेले असायचे आणि आमच्याकडे अजून सोनेरी ऊन.

फ्लेक्सची आणि स्वप्नांची कीर्ती अंधेरीला पोचली आणि एका संध्याकाळी मफलर आला. घामाने निथळत, गळ्याला मफलर. काकांना न कळवता मागे माझ्या शेजारी बसला. चेहरा असा, की आपली नोकरी गच्चीवरून खाली पडताना बघायला आलोय. काकांनी स्वप्न सांगितलं. मफलरचा जीव हळूहळू भांड्यात पडत गेला. शेवटी माझ्या कानाशी म्हणाला, "सुटलो. मी अख्खा पिक्चर बघितलाय. ह्यातलं काही म्हणजे काही त्यात नाहीये."

"मग आता निर्धास्त जा घरी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"आता कशाला?"

"पुढे काय होतं ते बघायला," मफलर म्हणाला.

आणि स्वप्नाचा शेवट आला. म्हाताऱ्या बगळ्याचा पाय थकला. सावकाराने शेवटी त्याला गाठलं आणि विचारलं, तुझं उभं राहणं पूर्ण झालं का, म्हणजे तेही विकत घेतो. सगळं शहर पहिल्यांदा त्याच्याकडे बघतंय. आणि आयुष्यात कधी न बोललेला बगळा आता बोलणार.

काका थांबले.

"काय बोलतो?" केतकी गुडघ्यांवर पुढे सरकली.

"हय माका स्वप्नातला काय सुचणा नाय," काका म्हणाले. "ह्या बोलणा माझ्याकडे आसा. खरा. मी बोललंय ता. एका दमात, एका टेकात. त्याच्या जागी दुसरा काय घालूक तोंड वळणा नाय. आणि खरा सांगूक येवचा नाय."

"एकदाच काका! कोणाला कळणार आहे?"

काकांनी मान हलवली. मफलरने खाली बघितलं. नोकरी त्याची होती, त्यामुळे 'बोला' म्हणायची हिंमत नाही, आणि 'बोलू नका' म्हणवत नव्हतं. पोरांपैकी कोणी रागावलं नाही. आयुष्यात एकदाच मिळालेलं बोलणं त्या माणसाच्या छातीत होतं आणि तिथेच राहणार होतं.

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. कपडे काढायला वर आल्या होत्या, केव्हापासून उभ्या होत्या देव जाणे.

"माका ऐकूचा हा."

"अगो, शब्द दिलंय मी."

"शब्द तोंडातसून जावचो नाय, असा दिलात ना? तोंड हलवूचा नाय, असा खंय सांगितलात?"

काकांनी काकूंकडे बघितलं. मग उठले. कठड्याच्या अलीकडे, खाडीकडे पाठ करून, एका पायावर उभे राहिले. आणि बोलू लागले. आवाज नाही. फक्त ओठ.

त्या ओठांसारखे ओठ मी पाहिले नाहीत. घाई नाही, नाटक नाही. एखादा शब्द ते तोंडात धरून ठेवायचे आणि मग अलगद सोडायचे. आणि मग काकू बोलायला लागल्या. त्यांच्याच ओठांवर नजर ठेवून, गळ्यातली टेप दोन्ही हातांत धरून, स्वतःच्या त्या टाचण्यांमधून गाळून आलेल्या खरखरीत आवाजात.

"मी हयच होतंय. तुम्ही इलात, गेलात, मी हयच होतंय. कोणी हाक मारूक नाय म्हणान रागावलंय नाय. वाट बघणा ह्या पण एक काम आसा. कोणाक दिसणा नाय, पण कोणी तरी करूचा लागता. मी केलंय. पूर्ण केलंय. आणि ता विकूचा नाय."

काकांचे ओठ थांबले तिथे त्यांचा शब्द थांबला. ओठ मिटले तिथे त्यांनी श्वास घेतला. एवढाही फरक नाही. या बाईने जन्मात माईक पाहिला नव्हता.

काकांनी पाय खाली टेकला. दूर खाडीवर भरती आत शिरू लागली, चिखलातले बगळे एकेक करून उठले.

"ओके," मफलर अगदी हळू म्हणाला. सवयीने, टेक चांगला गेल्यावर म्हणतात तसं.

केतकी गर्रकन वळली. "सर, हेच होतं? खऱ्या पिक्चरमध्ये हेच आहे?"

मफलरने गळ्यातला मफलर वर ओढला आणि तोंड झाकून घेतलं. डोळ्यांवरून मला काही कळलं नाही. ओठ त्याने दिसूच दिले नाहीत.

काकूंना जोराचा ठसका लागला, एवढं सलग त्या कधी बोलल्याच नव्हत्या. काका धावत खाली जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आले, आणि त्या पाणी पीत असताना पोरं एकेक करून उठली, चपला घातल्या, जिना उतरली. कोणी पुढचं स्वप्न मागितलं नाही. पुढेही कधी कोणी आलं नाही. पिक्चर बघून झाल्यावर माणसं अशीच गप्प बाहेर पडतात, उजेडात डोळे बारीक करत, आपण आत्ता कुठे होतो ते आठवत.

काकूंनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि वाळलेल्या चादरीची एक बाजू काकांच्या हातात दिली. "धरा," म्हणाल्या. दोघांनी मिळून चादरीची घडी केली.